‘आयडीएच निगेटिव्ह’ आलं म्हणजे काय, आणि मेंदूतली गाठ ‘जेनेटिक’ असली तर ती घराण्यात येते का?

आधी तुमचा प्रश्न मी कसा समजले ते लिहिते, म्हणजे काही चुकत असेल तर तुम्हाला सांगता येईल. तुमचा धाकटा भाऊ, वय ३४. ऑफिसात अचानक फिट आली, एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या पुढच्या भागात गाठ दिसली आणि नागपुरातच ऑपरेशन झालं. बायोप्सीच्या रिपोर्टात लिहिलंय: डिफ्यूज अ‍ॅस्ट्रोसायटोमा, ग्रेड २ (१ सगळ्यात सौम्य, ४ सगळ्यात आक्रमक), आयडीएच१ आर१३२एच निगेटिव्ह, एटीआरएक्स लॉस, पी५३ स्ट्राँग पॉझिटिव्ह, केआय-६७ (विभागणाऱ्या पेशींचं प्रमाण) पाच ते सहा टक्के, आणि खाली ‘मॉलिक्युलर टेस्टिंगचा सल्ला’. नेटवर वाचून तुम्ही धसका घेतलाय, कारण तिथे आयडीएच निगेटिव्ह म्हणजे ग्लिओब्लास्टोमा, मेंदूची फार आक्रमक गाठ, असं लिहिलेलं सापडलं. एका लॅबच्या प्रतिनिधीने पाचशे जनुकांचं पॅनल (ती सगळी एकदम तपासणारी चाचणी) करून घ्या म्हणून सांगितलं, सर्जन म्हणतात फक्त आयडीएचचं सीक्वेन्सिंग, म्हणजे त्या जनुकाच्या अक्षरांचं वाचन, करा. आणि घरात त्याहून मोठी चिंता: ‘जेनेटिक’ शब्द बाहेर फुटला आणि बहिणीच्या लग्नाची बोलणी थांबली. तुमची मुलगी सहा वर्षांची आहे, तिच्याही काळजीने तुम्हाला झोप नाही.

मी नागपुरात पॅथॉलॉजिस्ट आहे. गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळपासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतच्या रुग्णांच्या मेंदूच्या गाठींच्या स्लाइड बघणं हे माझं रोजचं काम. तुमच्या भावाच्या स्लाइड मी पाहिलेल्या नाहीत, एमआरआयही नाही. त्यामुळे खाली जे लिहिते ते तुम्ही दिलेला रिपोर्ट बरोबर आहे असं धरून. उपचार ठरवणं त्याच्या सर्जनचं आणि ऑन्कॉलॉजिस्टचं काम आहे. त्यांच्यासमोर बसाल तेव्हा काय विचारायचं, हे मात्र मी नीट सांगू शकते.

माझ्या मते तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टींची गुंतागुंत झाली आहे. पहिली, गाठीच्या पेशींमध्ये झालेले जनुकीय बदल. दुसरी, आईवडिलांकडून आलेले, शरीरातल्या प्रत्येक पेशीत असलेले बदल. तुमच्या रिपोर्टातली सगळी अक्षरं पहिल्या प्रकारची आहेत. लग्नाची बोलणी थांबली ती दुसऱ्या प्रकाराच्या भीतीने. हे दोन धागे वेगळे केले की बरंचसं ओझं उतरतं. म्हणून आधी गाठीचं बोलू, मग घराण्याचं.

२००८ साली ग्लिओब्लास्टोमाच्या जनुकांचा मोठा अभ्यास झाला, त्यात काही तरुण रुग्णांच्या गाठींत आयडीएच१ नावाच्या जनुकात बदल सापडला. पेशीच्या ऊर्जेच्या कामातलं एक साधं एन्झाइम. पण त्याच्या साखळीतलं १३२ क्रमांकाचं अमिनो आम्ल बदललं की ते भलतंच रसायन बनवायला लागतं. त्या रसायनाचं नाव २-हायड्रॉक्सीग्लुटारेट. ते साचत गेलं की डीएनएवरच्या मिथाइल खुणा पुसणारी यंत्रणा बंद पडते आणि पेशी परिपक्व होतच नाही. पुढे लक्षात आलं की ज्या ग्लायोमात (मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींसारख्या पेशींची गाठ) हा बदल असतो ती गाठ, सूक्ष्मदर्शकाखाली तशीच दिसणाऱ्या पण बदल नसलेल्या गाठीपेक्षा कितीतरी हळू वाढते आणि उपचारांना जास्त चांगली साथ देते. हा फरक इतका ठळक निघाला की जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली वर्गीकरणात जनुकांना जागा दिली आणि २०२१ च्या पाचव्या आवृत्तीत तर मोठ्या माणसांच्या पसरणाऱ्या ग्लायोमांचे तीनच प्रकार ठेवले: आयडीएच बदल असलेला अ‍ॅस्ट्रोसायटोमा, आयडीएच बदल आणि १पी/१९क्यू हे दोन्ही गुणसूत्रांचे तुकडे गळालेला ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, आणि आयडीएच बदल नसलेला ग्लिओब्लास्टोमा.

नेटवर तुम्ही जे वाचलं ते या तिसऱ्या प्रकाराबद्दल होतं. ते चूक नाही, पण तुमच्या रिपोर्टाला ते अजून लागू होत नाही. कारण रिपोर्टात ‘आयडीएच निगेटिव्ह’ नाही, ‘आयडीएच१ आर१३२एच निगेटिव्ह’ आहे. त्या पुढच्या अक्षरांकडे लोकांचं लक्ष जात नाही, आणि दुर्दैवाने कधीकधी डॉक्टरांचंही.

आम्ही स्लाइडवर एक अँटिबॉडी लावतो, ती एकाच प्रकारच्या बदलाला चिकटते आणि तपकिरी रंग देते. तो बदल म्हणजे १३२ क्रमांकावर आर्जिनिनच्या जागी हिस्टिडिन येणं. ग्लायोमातल्या आयडीएच बदलांपैकी साधारण नव्वद टक्के याच प्रकारचे असतात, म्हणून ही स्वस्त, पटकन होणारी चाचणी आधी करतात. पण ही एकाच कुलपाची किल्ली आहे. त्याच १३२ व्या जागी सिस्टीन, सेरीन, ग्लायसीन किंवा ल्युसीन आलं, किंवा बदल आयडीएच१ ऐवजी आयडीएच२ मध्ये १७२ व्या जागी झाला, तर अँटिबॉडीला काहीच दिसत नाही आणि स्लाइड पांढरी-निळी राहते. म्हणूनच ५५ वर्षांखालच्या रुग्णात ही अँटिबॉडी निगेटिव्ह आली तर सीक्वेन्सिंग केल्याशिवाय आयडीएचबद्दल मत द्यायचं नाही, असा संकेत आहे. पंचावन्नच्या पुढे, गाठ सरळसरळ ग्रेड ४ ची दिसत असेल आणि आधी कधी सौम्य गाठ झालेली नसेल, तर सीक्वेन्सिंग न करताही पुढे जाता येतं. त्या वयात वेगळा प्रकार निघण्याची शक्यता फार कमी असते. तुमचा भाऊ ३४ चा आहे.

आणि त्याच्या रिपोर्टातली बाकीची दोन वाक्यं मला फार बोलकी वाटतात. एटीआरएक्स लॉस आणि पी५३ स्ट्राँग. पी५३ हे पेशीची वाढ आवरणारं प्रथिन; ते बिघडलं की साचून स्लाइडवर गडद दिसतं. एटीआरएक्सची स्लाइड कशी वाचतात ते सांगते, कारण सगळा निष्कर्ष त्यावर उभा आहे. निरोगी पेशीच्या केंद्रात हे प्रथिन असतंच, म्हणून ती तपकिरी होते. गाठीच्या पेशींनी ते गमावलं असेल तर त्यांची केंद्रकं फिकट निळी राहतात. पण रंगच नीट लागला नसेल तरी तसंच दिसेल! म्हणून मी आधी रक्तवाहिन्या शोधते. गाठीच्या मधून जाणाऱ्या बारीक केशवाहिनीच्या भिंतीतल्या पेशी रुग्णाच्या स्वतःच्या, निरोगी असतात. त्या चपट्या केंद्रकांवर तपकिरी रंग ठळक दिसला आणि भोवतीच्या गाठीच्या पेशी मात्र कोऱ्या, तर तो खरा लॉस. वाहिनीही कोरी असेल तर ती चाचणी बाद, पुन्हा करायची. तुमच्या पॅथॉलॉजिस्टना एवढं जरूर विचारा: ‘एटीआरएक्समध्ये रक्तवाहिन्यांचा इंटर्नल कंट्रोल लागला होता का?’ कुणीही चांगला पॅथॉलॉजिस्ट या प्रश्नाने रागावणार नाही.

लॉस खरा असेल, सोबत पी५३ गडद, गाठ फ्रंटल भागात, वय ३४, ग्रेड २: या सगळ्याचा मेळ आयडीएच बदल असलेल्या अ‍ॅस्ट्रोसायटोमाशी बसतो, तोही आर१३२एच सोडून दुसऱ्या प्रकारच्या बदलाशी. खात्री म्हणत नाही, पण पैज लावायची झाली तर मी या बाजूने लावेन. एमआरआय वाचणाऱ्या डॉक्टरांना टी२ आणि फ्लेअर चित्रांतली विसंगती दिसते का, हेही विचारा. टी२ मध्ये गाठ एकसारखी पांढरी आणि फ्लेअरमध्ये कडा सोडून आतला भाग काळवंडलेला, असं असेल तर ते याच गाठीच्या बाजूने मोठा पुरावा आहे. असं दिसलं नाही म्हणून ही गाठ नाही, असं मात्र होत नाही.

एक दुसरी शक्यताही सांगायला हवी, कारण ती लपवणं योग्य नाही. किशोरवयीन आणि तरुण माणसांत मेंदूच्या गोलार्धातच होणारी एक गाठ आहे, तिच्यात एच३ नावाच्या प्रथिनात ३४ व्या जागी बदल असतो. तिच्यातही एटीआरएक्स जातं आणि पी५३ गडद येतं, पण आयडीएच शाबूत असतं. ती ग्रेड ४ ची गाठ आहे. बहुतेक वेळा ती सूक्ष्मदर्शकाखालीही आक्रमक दिसते, तुमच्या रिपोर्टात तसं वर्णन नाही. म्हणून मी तिला खाली ठेवते. पण आयडीएच१ आणि आयडीएच२ दोन्हींचं सीक्वेन्सिंग कोरं आलं, तर पुढची चाचणी हीच.

आता चाचण्यांचा क्रम. माझा नियम साधा आहे: चाचणीचा निकाल आल्यावर कोणता निर्णय बदलणार आहे, हे सांगता आलं नाही तर ती चाचणी आज करायची नाही. पैसे रुग्णाच्या खिशातून जातात, आणि गाठीचा तुकडाही मर्यादित असतो.

तुमच्या भावाच्या बाबतीत पहिली चाचणी आयडीएच१ आणि आयडीएच२ चं सीक्वेन्सिंग. तुमचे सर्जन बरोबर सांगताहेत. यावर सगळंच अवलंबून आहे. बदल सापडला आणि गाठ खरोखर ग्रेड २ ची असेल, तर किती गाठ उरली, फिट आटोक्यात आहेत का, वय किती, यावरून नुसतं लक्ष ठेवणं, रेडिएशन आणि केमो देणं, किंवा आयडीएचवर काम करणारी गोळी, असे पर्याय खुले होतात. बदल नसेल आणि गाठ ग्लिओब्लास्टोमाच्या गटात गेली, तर साठ ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइड ही केमोची गोळी लगेच सुरू करावी लागते. सूक्ष्मदर्शकाखाली ग्रेड २ दिसली तरीही! कारण आयडीएच बदल नसलेल्या अशा गाठीत टर्ट जनुकाच्या प्रमोटरमधला (जनुक चालू-बंद करणाऱ्या भागातला) बदल, ईजीएफआर जनुकाच्या वाढलेल्या प्रती, किंवा सातव्या गुणसूत्राची वाढ आणि दहाव्याची गळती, यांपैकी एक जरी सापडलं तरी २०२१ च्या वर्गीकरणानुसार तिला ग्लिओब्लास्टोमाच म्हणतात.

दुसरी चाचणी, आयडीएच बदल सापडला तरच: सीडीकेएन२ए/बी. नवव्या गुणसूत्रावरच्या या जनुकाच्या दोन्ही प्रती गेल्या असतील, तर दिसायला कितीही शांत असली तरी ती गाठ ग्रेड ४ समजायची. ग्रेड २ मध्ये हे क्वचित होतं, पण झालं तर उपचार पूर्ण बदलतात. हे फिश किंवा एमएलपीए या जनुकाच्या प्रती मोजणाऱ्या चाचण्यांनी बघतात. एमटॅप नावाची एक अँटिबॉडीही मदतीला येते, कारण ते जनुक अगदी शेजारी आहे आणि बहुतेकदा सोबतच जातं. एमटॅप गाठीच्या पेशींत शाबूत दिसलं तर बराच दिलासा मिळतो, आणि ही चाचणी साध्या इम्यूनोच्या, म्हणजे अँटिबॉडीच्या चाचणीच्या, खर्चात होते.

१पी/१९क्यू करू नका. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ‘मॉलिक्युलर’ म्हटलं की ही चाचणी सवयीने यादीत येते. प्रत्येक वेळी विभागताना पेशीच्या गुणसूत्रांची टोकं झिजतात. अमर होऊ पाहणाऱ्या गाठीला ती टोकं लांब ठेवण्याचा काहीतरी मार्ग लागतोच. अ‍ॅस्ट्रोसायटोमा तो एटीआरएक्स बंद पाडून शोधतो, ऑलिगोडेंड्रोग्लायोमा टर्ट चालू करून. दोन्ही एकत्र जवळजवळ कधीच नसतं. त्यामुळे एटीआरएक्सचा लॉस पक्का असेल तर १पी/१९क्यूचा प्रश्न तिथेच मिटतो. उलट एटीआरएक्स शाबूत असतं आणि आयडीएच बदल असता, तर ही चाचणी मी सगळ्यात आधी मागितली असती. त्या गटाला तिचं महत्त्व फार मोठं आहे. अमेरिकेतल्या एका दीर्घ अभ्यासात, दोन्ही तुकडे गळालेल्या ग्रेड ३ गाठींना रेडिएशनसोबत पीसीव्ही हे केमो दिल्यावर रुग्ण सरासरी १४.७ वर्षं जगले, नुसत्या रेडिएशनवर ७.३ वर्षं. इथे सरासरी म्हणजे मध्यक: निम्मे रुग्ण त्याहूनही जास्त जगले.

एमजीएमटीही आज नको. या जनुकाचा प्रमोटर मिथाइलने झाकलेला असला की टेमोझोलोमाइड जास्त लागू पडतं, हे २००५ पासून माहीत आहे: ग्लिओब्लास्टोमात रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड दोन्ही दिल्यावर झाकलेल्यांत मध्यक आयुष्य २१.७ महिने, दोन्ही उपचार मिळूनही न झाकलेल्यांत १२.७ महिने. साठी-सत्तरी ओलांडलेल्या, थकलेल्या ग्लिओब्लास्टोमा रुग्णाला नुसतं रेडिएशन द्यायचं की नुसती गोळी, हे ठरवताना ती चाचणी खरी कामाला येते. ३४ वर्षांच्या ग्रेड २ च्या रुग्णात आज तिच्यावर काही अडलेलं नाही.

राहिलं पाचशे जनुकांचं पॅनल. ते वाईट नाही, पण आधी नको. एकेका जनुकाची चाचणी काही हजारांत होते, पॅनलला त्याच्या कितीतरी पट लागतात, आणि एवढं करूनही त्यात तुम्हाला हवं ते असेलच असं नाही. एमजीएमटी ही डीएनएच्या अक्षरांतली चूक नाही, त्यावरची मिथाइलची खूण आहे, त्यामुळे ती नेहमीच्या सीक्वेन्सिंग पॅनलमध्ये दिसतच नाही. टर्टचा बदल जनुकाच्या आधीच्या भागात असतो, काही पॅनल तो भाग वाचत नाहीत. सीडीकेएन२एच्या दोन्ही प्रती गेल्यात का, हे ठामपणे सांगण्याची क्षमताही प्रत्येक पॅनलमध्ये सारखी नसते. आणि मोठं पॅनल केलं की ‘अर्थ अनिश्चित’ अशा शेऱ्याचे चार-दोन बदल हमखास हातात येतात, ज्यांनी काही ठरत नाही, घरात फक्त भीती वाढते. लॅबच्या माणसाला हे तीन प्रश्न विचारा: टर्ट प्रमोटर आहे का, प्रतींची संख्या मोजता का, एमजीएमटी वेगळी करावी लागेल का. उत्तर गोलमोल आलं तर समजून जा.

पॅनल मी केव्हा मागते? आयडीएच आणि एच३ दोन्ही कोरे आले आणि रुग्ण तरुण आहे तेव्हा. लहान मुलांत. गाठ मेंदूच्या मधोमध असेल तेव्हा. उपचारांनंतर परत आली असेल तेव्हा. अशा वेळी बीआरएएफ व्ही६००ई, एनटीआरके किंवा एफजीएफआरचे फ्यूजन (जनुक तुटून दुसऱ्याला जोडलं जाणं) सापडले तर त्यावर औषधं आहेत. बीआरएएफ बदल असलेल्या मुलांच्या सौम्य ग्लायोमासाठी डॅब्राफेनिब आणि ट्रामेटिनिबची जोडी अमेरिकेत २०२३ साली मंजूर झाली. अडलेल्या केसमध्ये पूर्ण डीएनएचं मिथाइलेशन बघून गाठ ओळखण्याची पद्धतही आहे, २०१८ पासून ती जगभर वापरात आली. तिने मेंदूच्या गाठींचं निदान खरोखर बदललं आहे. पण ती शेवटची पायरी.

आयडीएचच्या गोळीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण निकाल पॉझिटिव्ह आला की कुणीतरी सांगणारच. तिचं नाव व्होरासिडेनिब. फक्त ऑपरेशन झालेल्या, लगेच रेडिएशन-केमोची गरज नसलेल्या ग्रेड २ रुग्णांवर अभ्यास झाला, निकाल २०२३ मध्ये आले: गाठ वाढायला लागेपर्यंतचा मध्यक काळ गोळीवर २७.७ महिने, नुसत्या नकली गोळीवर ११.१ महिने. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. ती आयडीएच१ च्या १३२ व्या जागेवरच्या आणि आयडीएच२ च्या १७२ व्या जागेवरच्या बदलांवर चालते, त्यामुळे आर१३२एच नसला तरी तुमचा भाऊ आपोआप बाद होत नाही. एकूण आयुष्य तिने किती वाढतं, हे कळायला अजून वर्षं लागतील. खर्चाचं ऑन्कॉलॉजिस्टशी मोकळेपणाने बोला, आणि रेडिएशन-केमोवर दीर्घ काळ चांगले राहिलेले रुग्ण आजही खूप आहेत, हे विसरू नका.

सीक्वेन्सिंगला नमुना पाठवताना काय सांभाळायचं ते लिहिते, कारण इथे फुकट नुकसान होतं. तुमच्याकडे स्लाइड देतील, पण लॅबला हवा असतो ब्लॉक: मेणात गोठवलेला गाठीचा तुकडा, प्लॅस्टिकच्या छोट्या चौकटीत. ब्लॉक एकापेक्षा जास्त असतील तर ज्यात गाठीच्या पेशी सगळ्यात दाट आहेत तो निवडून, त्यावर खूण करून देण्याची विनंती पॅथॉलॉजिस्टना करा. ही औपचारिकता नाही. आयडीएच बदल पेशीतल्या दोनपैकी एकाच प्रतीत असतो, आणि जुन्या सँगर पद्धतीला पंधरा-वीस टक्क्यांहून कमी बदल दिसत नाही. म्हणजे तुकड्यात गाठीच्या पेशी चाळीस टक्क्यांपेक्षा कमी असल्या तर बदल असूनही निकाल खोटा कोरा येऊ शकतो. पसरणाऱ्या ग्लायोमाच्या कडेच्या तुकड्यांत हे सहज होतं. निकालात पेशींचं प्रमाण लिहिलेलं नसेल तर विचारा. प्रमाण कमी असेल तर नेक्स्ट जनरेशन पद्धतीने करा, तिला पाच टक्क्यांपर्यंतचाही बदल दिसतो.

आणि आपलं नागपूरचं ऊन. मेणाचा वितळणबिंदू साठ अंशांच्या आसपास, आणि मे महिन्यात मेडिकल चौकात दुपारी उभ्या केलेल्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढं तापमान सहज चढतं. ब्लॉक मऊ पडून तुकडा वाकडा झालेला मी हातात घेतला आहे. तो परत मेणात बसवावा लागतो, आणि नेमका आधीचा कोन मिळत नाही. ब्लॉक डब्यात घाला, पिशवीत सोबत ठेवा, दुचाकीच्या डिकीत किंवा गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. मुंबईला टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी दुसरं मत घ्यायला विदर्भ एक्स्प्रेसने स्वतः नेत असाल तर रिपोर्टाची प्रत, एमआरआयची सीडी आणि ब्लॉक दिल्याची पोच सोबत ठेवा. परत आणलेला ब्लॉक पुन्हा त्याच लॅबमध्ये जमा करा. पाच-सात वर्षांनी गाठ वाढली तर हाच तुकडा पुन्हा लागेल.

आता घराण्याचं.

तुमच्या भावाच्या गाठीत जे बदल आहेत, आयडीएचचा, एटीआरएक्सचा, पी५३ चा, ते जन्मानंतर कधीतरी त्याच्या मेंदूतल्या एका पेशीत झाले आणि तिच्या वंशातल्या पेशींत उतरले. खाली सांगते ते दुर्मिळ अपवाद सोडले, तर ते त्याच्या रक्तात नसतात, बीजपेशींत नसतात. म्हणून ते मुलाबाळांकडे जात नाहीत, आणि बहिणीकडे किंवा तुमच्या मुलीकडे असण्याचा प्रश्नच येत नाही. पी५३ गडद आलं म्हणजे घरात पी५३ चा दोष आहे असंही नाही. या जातीच्या अ‍ॅस्ट्रोसायटोमात ते बहुतेकांत दिसतं.

प्रामाणिकपणे पूर्ण चित्र सांगायचं तर, ग्लायोमा झालेल्या माणसाच्या सख्ख्या नातेवाइकांत जोखीम इतरांपेक्षा सुमारे दुप्पट आढळते. ऐकायला भीतिदायक वाटतं. पण मुळात ही गाठ वर्षाला लाखात काही मोजक्यांनाच होते, तिची दुप्पटही अगदी छोटी संख्या राहते. तेवढ्यासाठी बहिणीचा एमआरआय काढू नका, मुलीचा तर नकोच. निरोगी माणसाच्या मेंदूच्या एमआरआयमध्ये निरर्थक काहीबाही सापडतं आणि मग वर्षभर तीच टांगती तलवार.

घराण्यात चालणाऱ्या मेंदूच्या गाठी खरंच आहेत, पण त्यांच्या खुणा असतात. अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग आणि त्वचेवर गाठी: न्यूरोफायब्रोमॅटोसिस १. दोन्ही कानांच्या नसांवर गाठी, तरुणपणी ऐकू कमी येणं: त्याचा दुसरा प्रकार. लहान मेंदूत रक्तवाहिन्यांची गाठ आणि सोबत मूत्रपिंडाचा किंवा डोळ्यांचा त्रास: व्हॉन हिपेल-लिंडाऊ. घरात कमी वयात स्तनाचा, हाडा-स्नायूंचा, अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा कॅन्सर: ली-फ्राउमेनी, ज्यात पी५३ चा दोष जन्मजात असतो. पन्नाशीच्या आत मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झालेले दोन-तीन नातेवाईक: लिंच. आणि आपल्याकडे आवर्जून विचारायला हवं असं एक: आईवडील नात्यातले आहेत का? मामेबहिणीशी, भाचीशी लग्न झालेल्या घरांत डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असलेलं मूल जन्माला येऊ शकतं; अशा मुलांना लहान वयातच मेंदूच्या गाठी होतात, आणि त्यांच्या गाठीवर टेमोझोलोमाइड नीट चालत नाही. तिथे उपचारच बदलतात.

म्हणून आजी-आजोबांपर्यंत तीन पिढ्या, दोन्ही बाजूंच्या, एका कागदावर काढा: कुणाला कोणता कॅन्सर, कोणत्या वयात. आईच्या माहेरची माणसं हमखास सुटतात, ती आधी लिहा. वरच्यांपैकी काहीच नसेल तर रक्ताच्या जनुकीय चाचणीची गरज नाही. काही सापडलं तर चाचणी आधी तुमच्या भावाची, तीही समुपदेशनानंतर. बहिणीची किंवा मुलीची एकदम नाही.

एका गोष्टीवर माझं लक्ष राहील. २००९ साली असं नोंदवलं गेलं की ली-फ्राउमेनी असलेल्यांच्या अ‍ॅस्ट्रोसायटोमात आयडीएचचा बदल झाला तर तो नेमका आर१३२सी या प्रकारचा असतो, म्हणजे अँटिबॉडीला न दिसणाऱ्यांपैकी एक. उलट नाही: आर१३२सी सापडलेले बहुतेक रुग्ण घराण्यातल्या दोषाचे नसतात. पण निकालात तो आला तर वरचा कागद मी पुन्हा एकदा बारकाईने वाचेन, आणि त्यात तरुणपणीचा एक जरी कॅन्सर असेल तर भावाला जेनेटिक समुपदेशकाकडे पाठवेन.

बहिणीच्या सासरकडच्यांशी बोलायचं तर आधी भावाला विचारा. रिपोर्ट त्याचा आहे, कुणाला दाखवायचा ते त्याने ठरवायचं. त्याची हरकत नसेल, तर त्याचा ऑन्कॉलॉजिस्ट किंवा समुपदेशक त्या मंडळींना समोर बसवून दहा मिनिटांत हे सांगू शकतो, आणि फोनवर पसरलेल्या गोष्टीपेक्षा डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं लोक ऐकतात, असा माझा अनुभव आहे. तेही नको असेल तर बहिणीला आधी हे सगळं नीट समजावून सांगा. या दिवसांत ती स्वतःच्या डोक्यात काय काय घेऊन बसली असेल, याचा विचार करून मला वाईट वाटतं.

वेळेचं म्हणाल तर घाबरून आज-उद्यात काही उरकायचं नाही. ऑपरेशननंतर पुढचे उपचार साधारण तीन ते सहा आठवड्यांत सुरू होतात, सीक्वेन्सिंगचा निकाल बहुधा दोन-तीन आठवड्यांत मिळतो. ब्लॉक या आठवड्यात गेला तर काही हातचं जाणार नाही. फिटच्या गोळ्या मात्र एक दिवसही चुकवू देऊ नका, आणि डॉक्टर परवानगी देईपर्यंत त्याला गाडी चालवू देऊ नका. निकाल आला की त्यातली आयडीएचची ओळ, पेशींचं प्रमाण आणि एमटॅप केलं असेल तर तो शेरा, एवढं इथेच लिहा. नाव, हॉस्पिटल काही नको. मी वाचून उत्तर देते.